एकेचाळीसच्या खाली

माझं सगळं दुकान गाडीच्या डिकीत असतं:
दोन थर्मामीटर, क्लोरीनच्या पट्ट्या, टॉर्च,
पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या, केसांची जाळी,
आणि तळाशी ‘बंद’ असं छापलेले पिवळे कागद.
ते वर्षातून चारदासुद्धा बाहेर निघत नाहीत.
लोकांना मात्र तेच दिसतात,
मी गाडीतून उतरायच्या आधी.

टॅमरॅक काउंटीचं आरोग्य खातं म्हणजे
लायब्ररीच्या तळघरातल्या तीन खोल्या.
त्यात मी, सिग्ने राउटिओ,
आणि फोनवर व्हर्ना, जी परवान्यांच्या फायली
आडनावाने लावत नाही, स्वभावाने लावते:
वेळेवर भरणारे, आठवण केल्यावर भरणारे,
आणि ‘चेक कालच पोस्टात टाकला’ म्हणणारे.

पा हौआ शिओंगला शनिवारच्या बाजारात
एगरोल विकायचे होते.
सात पानी अर्ज तिच्या मुलाने भरला, वय वर्षं अकरा.
‘हात धुण्याची सोय’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं:
आई नेहमी धुते.
मी ते खोडलं नाही.
त्याच्याखाली तोटीच्या पिंपाचं चित्र काढून दिलं.
शनिवारी पिंप होतं, साबण होता,
कागदी रुमाल वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगडाखाली.

तळ्याकाठच्या नव्या जोडप्याच्या विहिरीत
नायट्रेट चौदा निघालं. दहाच्या वर चालत नाही.
‘पण पाणी तर काचेसारखं आहे,’ नवरा म्हणाला.
काचेसारखंच असतं ते.
ती कडेवरचं बाळ या हातावरून त्या हातावर घेत राहिली.
दुधाच्या बाटलीकडे आम्ही तिघांनीही पाहिलं,
मग मी विकतच्या पाण्याबद्दल बोलले, सावकाश, दोनदा.

आणि मग डेल्बर्ट कांगासचं टॅव्हर्न.
गुरुवार दुपार. दुसऱ्या दिवशी माशांचा शुक्रवार,
दीडशे माणसांची तयारी.
थंड खोलीच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं.
मी सूपच्या पिंपात काटा बुडवला.
एकोणपन्नास. एकेचाळीसच्या खाली हवं.
दुसरा थर्मामीटर घेतला, माझ्याच समाधानासाठी.
एकोणपन्नास.
‘कधीपासून?’
त्याला माहीत नव्हतं. हेच उत्तर सगळ्यात वाईट.

‘सिग्ने, तुझ्या बापाच्या मयताचं जेवण
ह्याच शेगडीवर शिजलं होतं.’
‘हो,’ मी म्हटलं, ‘आणि चांगलं होतं.’
पिंप एकटीला उचलेना.
दुसरा कान त्यानेच धरला.
मलई, बटाटे, तळ्यातला पांढरा मासा, शेपूची पानं,
दोन दिवसांची मेहनत मोरीत जाताना
गळ्यात अडकावी तशी मोरीच्या तोंडाशी अडकली,
आणि त्याने हातानेच ती मोकळी केली.
पिवळा कागद मी दाराला लावला, डोळ्यांच्या उंचीवर,
नियमात तसंच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी सोमवारी येणाऱ्या रबराची ऑर्डर गेली.
पेट्रोलपंपावर कोणी मला हवामान विचारलं नाही.
चर्चच्या बाकावर माझ्या डाव्या हाताला
एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.
त्या शुक्रवारी जे दीडशे लोक आजारी पडले नाहीत
त्यांची नावं लिहायला
व्हर्नाकडे एकही फाईल नाही.
कोण न पडलेलं दुखणं घेऊन आभार मानायला येतं?

मंगळवारी फेरतपासणी: अडतीस. कागद मीच काढला.
चिकटपट्टीचा डाग राहिला, तो नखाने खरवडला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी तिथे जेवायला गेले.
जायचं नव्हतं, पण न जाणं म्हणजे
पुन्हा एक कागद लावण्यासारखं झालं असतं.
कोपऱ्यातलं टेबल, पाठ भिंतीला.
डेल्बर्टने स्वतः बशी आणून आदळली:
मासा, कोबीची कोशिंबीर, भाजलेला बटाटा,
आणि बटाट्यात उभा खुपसलेला थर्मामीटर.

बारवरचे सगळे मान वळवून बसले.
मी चष्मा घातला, वाकले, काटा स्थिर होईपर्यंत थांबले.
एकशे बेचाळीस.

मीठ मागितलं.